दुखण्याआधीची गोळी

६ जून, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. एक, यंदाचा भात स्वतः लावायचा, वाट्याने द्यायचा नाही. दोन, मोबाइल फक्त कामापुरता. तीन, बीपीची गोळी बंद. रोज एक गोळी आणि तीही जन्मभर म्हणजे शुद्ध गुलामी. माझा असल्या औषधांवर विश्वास नाही. मार्चमध्ये कंपनी सोडली (एचआरने मीटिंग लावली होती हे खरं, पण माझा निर्णय मनातल्या मनात आधीच झाला होता). ऑफिसजवळचा चांद्याचा फ्लॅट भाड्याने दिला आणि मी व बायको हेमलता, दोघं कासार आंबोली गावातल्या बंगल्यात राहायला आलो. बीपीची सगळी कारणं हिंजवडीत राहिली. मग गोळी कशाला?

संध्याकाळी गुडघा दुखला. लाल गोळी घेतली. ही मी दहा-अकरा वर्षं घेतोय. मान, पाठ, डोकं, गुडघा, सगळ्याला चालते. हिला मी औषधात धरत नाही.

८ जून

हेमलताने लाल गोळीच्या खोक्यातला कागद चष्मा लावून वाचला आणि ऐन जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. पोटात व्रण, किडनी, रक्तदाब, असं बरंच काही. मी शांतपणे समजावलं की पौडला हनुमंतच्या मेडिकलमध्ये ही बिनचिठ्ठीची मिळते, काउंटरवर शाम्पूच्या पुड्यांशेजारी लटकत असते. धोक्याची असती तर अशी उघड्यावर लटकवली असती का? ती म्हणाली, उंदराचं औषधही त्याच दोरीला लटकतं.

हिच्याशी मुद्द्याचं बोलता येत नाही.

१५ जून

शेजारचा शेतकरी गेणबा आला होता. सत्तरीचा, अंगावर मांस असं नाहीच. त्याची बायको पारू आपल्याकडे अंगण झाडायला येते. म्हणाला, लावणीला मजूर मिळत नाहीत, सगळे बांधकामांवर गेलेत. चार घरं मिळून सावड करतायत, तुमचं पाचवं घर येतं का? सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकाच्या खाचरात लावणी करायची, उद्या सगळ्यांनी दुसऱ्याच्या. कंपनीत याला क्रॉस-फंक्शनल टीम म्हणायचे आणि त्याचं तीन दिवस ट्रेनिंग असायचं. या बिचाऱ्यांना त्याचं इंग्रजी नावही माहीत नाही. तुमच्या घरचं कोण येणार, असं त्याने विचारलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, मीच.

हेमलता आतून हसल्याचा आवाज आला. बहुतेक टीव्ही असावा.

५ जुलै, शनिवार

आमची लावणी झाली. माझं खाचर रस्त्याला लागून, रोपंही तयार, म्हणून पहिला मान मला. सगळे मिळून दुपारपर्यंत मोकळे. मी बांधावरून समन्वय पाहिला. फोटोपुरती एक ओळ स्वतः लावली. जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, भरपूर अंगठे आले. नंतर सगळ्यांना मटणाचं जेवण दिलं. हेमलता पहाटेपासून चुलीशी होती, मसाला थोडा कमी पडला. असो. जेवण दिलं, सावड फिटली.

६ जुलै, रविवार, पहाटे

गेटवर गेणबा. आज कोंडाजीच्या खाचरात लावणी आहे म्हणे, चला. मी म्हटलं, काल जेवण दिलं ना? त्याने मान हलवली. मग मी मजूर पाठवायची तयारी दाखवली, वाटेल ती मजुरी मी देतो म्हटलं.

"सावडीत पैसा चालत न्हाई साहेब. माणूस घेतला की माणूस द्यायचा. तुमाला जमत नसंल तर बाईंना धाडा."

मागे वळून पाहिलं तर हेमलता पदर खोचून उभी. जावंच लागलं. इज्जतीचा प्रश्न आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दिवसभर चिखलात वाकून. लावणी मागे मागे सरकत करायची असते हे मला कोणीही आधी सांगितलं नव्हतं. दोनदा चिखलात बसलो. बायका हसल्या नाहीत, माना खाली घालून काम करत राहिल्या, ते जास्त लागलं. कंबर मोडली म्हणजे काय ते आज कळलं. लाल गोळ्या दोन. अर्ध्या तासात जिना चढलो.

आणि तेव्हाच सुचलं. दुखल्यावर गोळी घेणं हीच मुळात चूक आहे. आधी घेतली तर दुखायला वावच राहणार नाही. उद्यापासून निघताना दोन, दुपारी दोन. रिकाम्या पोटी लवकर चढतात, हे निरीक्षण.

८ जुलै

पद्धत कमालीची यशस्वी. आज एक अख्खी ओळ गेणबाच्या बरोबरीने लावली. त्याने कमरेला फडकं बांधलेलं असतं. त्याला गोळी देऊ केली, नको म्हणाला, तंबाखू मळत राहिला. जुनी पिढी. पारूने मात्र घेतली. तासाभराने बांधावर येऊन म्हणाली, "साहेब, कंबर हाय का न्हाई तेच कळंना झालंय."

मग सगळ्या बायकांना वाटल्या. काम दुपारीच उरकलं. आता मुलं मला लांबून येताना पाहून ओरडतात, गोळीवाले साहेब. इतकी वर्षं मॅनेजर होतो, एवढा आदर कधी मिळाला नव्हता.

आणखी एक सुधारणा. बांधावर लघवीला आडोसा नाही, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. संध्याकाळी एकदा होते, कोऱ्या चहासारखी. शरीर काही वाया घालवत नाहीये असा याचा अर्थ.

११ जुलै

सावडीचे दोन दिवस राहिलेत. पण मी आता पुढच्या हंगामाचं नियोजन करायला हवं, चिखलात सगळ्यांनीच उतरून कसं चालेल? हेमलताला पाठवलं. तिच्या गुडघ्यांचं जुनं दुखणं आहे. माझ्या हाताने सकाळी दोन गोळ्या दिल्या. नको नको म्हणाली. परत आल्यावर स्वतःहून मागितल्या.

याचं फार समाधान वाटलं. उंदराचं औषध म्हणे.

२७ जुलै

लावणी संपून आठवडे झाले, पण पारू रोज सकाळी झाडू घ्यायच्या आधी गोळीसाठी उभी राहते. हल्ली ती आणखी दोन बंगल्यांचं गवतही काढते. गोळी नसेल तर उठवत नाही म्हणते. रोज दार वाजवण्यापेक्षा मी तिला अख्खं खोकंच दिलं. त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, सकाळी २, दुपारी २, जेवणाआधी. असं कोण कोणासाठी करतं?

गेणबा कुरकुरत होता, हिचं जेवण कमी झालंय, छाती जळते म्हणते. मी म्हटलं, बरं आहे, या वयात हलकंच खावं.

१० ऑगस्ट

वजन चार किलोंनी वाढलं. मेहनतीचे स्नायू. सुरुवातीला मऊ असतात, पोटरीवर बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि बराच वेळ राहतो. बूट होत नाहीत, चपला घेतल्या. अंगठी निघत नाही. हेमलता म्हणते, चेहरा सुजलाय. मी म्हणतो, भरलाय.

तिला माझी प्रगती बघवत नाही हे आता स्पष्टच आहे. मात्र गुडघे दुखले की बरोबर माझाच ड्रॉवर उघडते.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी पारू तिच्या अंगणात कोसळली. काळी उलटी झाली. गेणबाने जीपमधून पौडला नेलं, तिथून पुण्याला पाठवलं. पोटात व्रण फुटून रक्त गेलं म्हणतात, रक्ताच्या बाटल्या लावल्यात. गेणबा संध्याकाळी कपडे न्यायला आला तेव्हा मी आपुलकीने सांगितलं की इतका ठेचा खाल्ल्यावर दुसरं काय होणार. त्याने गाठोडं उचललं आणि पाठ फिरवून जीपकडे चालू लागला. दुःखात माणसाला रीतभात सुचत नाही.

हेमलता त्याच्याबरोबर जीपमध्ये बसून गेली. माझं रात्रीचं जेवण राहिलं.

२५ ऑगस्ट

पुण्याला पारूला बघायला गेलो. माणुसकी म्हणून जायला हवंच. शिवाय त्या खोक्यावर माझं अक्षर आहे आणि लोक काहीही अर्थ काढतात. खोकं तिच्याजवळ असू नये हे तिच्याच हिताचं.

पारूचा चेहरा राखेसारखा. हेमलता बाटली भरायला बाहेर गेली. मी विषय कसा काढावा या विचारात होतो, तेवढ्यात पारूनेच उशीखालून खोकं काढलं.

"घ्या साहेब. डागदरनी लई इचारलं, पर मी तुमचं नाव घेतलं न्हाई. तुमालाच लागत्यात ह्या."

अत्यंत समजूतदार बाई. आत तीन पाकिटं शिल्लक होती. लिफ्ट बंद, जिना उतरताना गुडघा चमकला, म्हणून तिथेच जिन्यात दोन घेतल्या. पाणी नव्हतं, तशाच गिळल्या.

९ सप्टेंबर

तोंडाला सतत तांब्याच्या पैशाची चव. अन्न नकोसं. हेमलताचा हात बिघडलाय, तिला स्पष्ट सांगितलं. सकाळी उलट्या. अंगाला खाज, साबण बदलला. उचक्या लागतात त्या थांबतच नाहीत, कोणीतरी आठवण काढतंय. बहुतेक ऑफिसवाले. आता त्यांना माझी किंमत कळली असेल.

डोकं जड, म्हणून बीपीचं मशीन लावून पाहिलं. आकडा बघून हसूच आलं. दोनशे दहा. मशीनमधले सेल काढून रिमोटला घातले.

लाल गोळ्या आता तीन-तीन घ्याव्या लागतात. कंपनीने दर्जा घसरवला असणार.

२२ सप्टेंबर

मुलगी अपूर्वा बेंगळुरूहून रोज फोन करून डोकं खाते. शेवटी तिनेच घरी माणूस पाठवून रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला. क्रिएटिनिन ११.४. खाली लिहिलंय, एक-सव्वाच्या वर नको. उघड आहे, दशांश चिन्ह एक घर सरकलंय. १.१४. मी लॅबला खरमरीत ईमेल लिहिला, विषय: तुमची डेटा क्वालिटी. आमच्याकडे असं प्रॉडक्शनला गेलं असतं तर माणसाला घरी बसवलं असतं.

लॅबचे तीन फोन येऊन गेले. ताबडतोब हॉस्पिटलला जा म्हणतात. तक्रार केली की कसे सुतासारखे सरळ होतात.

२४ सप्टेंबर

आडवं झालं की श्वास लागतो. खुर्चीत बसून झोपलो. पहाटे हेमलताने गेणबाला हाक मारली, त्याने आणि कोंडाजीने मला उचलून गाडीत घातलं. मी चालू शकत होतो, पण त्यांना मदत करायची हौस.

हॉस्पिटलमध्ये डॉ. प्राजक्ता नावाची मुलगी. अपूर्वाच्या वयाची. तिने विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? मी अभिमानाने सांगितलं, एकही नाही, बीपीचीसुद्धा बंद केली. दुखण्याच्या गोळ्या? मी म्हटलं, त्या औषधात धरतात का?

हेमलताने पर्समधून कापडी पिशवी काढली आणि टेबलावर उलटी केली. रिकाम्या पाकिटांचा ढीग. कचऱ्यातून गोळा केली होती. नवऱ्याचा कचरा तपासणारी बायको. डॉक्टरने एकेक पाकीट उलटून पाहिलं. मग म्हणाली, "काका, किती वर्षं?" मी म्हटलं, अकरा, आणि एकही साइड इफेक्ट नाही.

३ ऑक्टोबर

डायलिसिस सुरू आहे. गाडीचं सर्व्हिसिंग असतं तसं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. डॉक्टर म्हणते, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या दिसतात, हे काही महिन्यांचं काम नाही, वर्षानुवर्षं चाललेलं असणार. त्या परत येणार नाहीत. तरुण मुलं आहेत, एस्टिमेट वाढवून सांगायची सवय असते. मी मनाशी सहा आठवडे धरलेत.

गुडघा भयंकर दुखतो. लाल गोळी आता बिलकूल नाही म्हणतात. मी वॉर्डबॉयला बाजूला घेऊन बोललो. त्याने जाऊन डॉक्टरला सांगितलं. विश्वास कुणावर ठेवायचा?

१७ ऑक्टोबर

डॉक्टरने ट्रान्सप्लांटचा विषय काढला. माझा आणि हेमलताचा रक्तगट एकच. लग्न जमवताना पत्रिकेत हे कुणी पाहिलं नव्हतं, पण योग असतात. घरी आल्यावर तिला समोर बसवून सावडीचं तत्त्व सांगितलं. माणसाला माणूस द्यायचा, पैसा चालत नाही. इतकी वर्षं मी कमावून आणलं, आता तिची पाळी. तिने रिपोर्टची फाईल बंद करून कपाटात ठेवली. मग म्हणाली, तपासण्या करून घेऊ.

मला गहिवरून आलं. दिवाळीला तिला साडी घ्यावी असा विचार आहे. भारीतली.

२९ ऑक्टोबर

सगळा घोळ. हेमलता नापास. तिचं क्रिएटिनिन वाढलेलं, बीपीही. डॉक्टरने तिलाही तोच प्रश्न विचारला, गोळ्या घेता का? तर जुलैपासून रोज. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, माझ्याच ड्रॉवरमधून. आता बंद केल्या तर तिचं सुधारेल कदाचित, पण किडनी देता येणार नाही.

पहिल्या गोळ्या मी दिल्या, हे मी नाकारत नाही. पण मी प्रमाणात दिल्या. पुढच्या तिच्या तिने घेतल्या. काही शिस्त? ती किडनी माझ्याकडे यायची होती. जरा जपायला नको?

साडी रद्द.

गाडीत ती एकच वाक्य बोलली. "अपूर्वाला विचारलंत तर मी त्या घरात राहणार नाही." मी म्हटलं, कोण विचारतंय? (मेसेज सकाळीच करून टाकला होता. निळ्या खुणा आल्यात.)

३१ ऑक्टोबर

अपूर्वाचा फोन लागत नाही. बेंगळुरूला नेटवर्कचा कायम प्रश्न असतो.

४ नोव्हेंबर

अपूर्वाचा फोन आला, पण हेमलताला. दार लावून बोलत होत्या. मी दाराशी उभा राहिलो, तब्येत विचारली असेल तर बरी आहे म्हणून सांगायला. तब्येतीचा विषय निघाला नाही. आईने बेंगळुरूला यावं असं चाललं होतं. हेमलता म्हणाली, भात कापून होऊ दे.

म्हणजे माझ्या शेतीत तिला रस निर्माण झाला आहे. उशिरा का होईना.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज आमची भातकापणी, सावडीतली सगळी घरं आली. डायलिसिसचा दिवस नव्हता. मी सकाळीच तयार होऊन टोपी घालून बांधावर जाऊन बसलो, खुर्ची कोंडाजीने नेऊन ठेवली. समन्वय करायचा बेत होता, पण बोललो की दम लागतो, म्हणून नुसता हात करून सूचना दिल्या. कोणी वर पाहिलं नाही. कामात गर्क होते.

हेमलता ओळीत होती, गुडघ्यांना पट्टे बांधून. विळा चांगला चालवते, कधी शिकली कोण जाणे. पारू कापणीला नव्हती, किटलीत चहा घेऊन आली. निम्मी राहिली आहे. सगळ्यांना चहा दिला. मला देताना हेमलताकडे पाहिलं, हेमलताने बोटाने दाखवलं तेवढाच ओतला. मला दिवसाला पाणीही मापून असतं.

जेवणाच्या आत खाचर मोकळं झालं. माणसाने कुणाचं देणं ठेवू नये असा माझा स्वभाव. मी गेणबाला बोलावलं. सांगितलं की माझ्याकडे निघणारे दिवस लक्षात ठेव, ज्याच्या-ज्याच्या खाचरात यायचं तिथे मी येणार. यंदा जमलं नाही तर पुढच्या लावणीला. मोजून येणार. मजूर पाठवणार नाही, मी स्वतः.

गेणबाने विळा धोतराला पुसला.

"नगं साहेब. ज्या घरात गडी न्हाई त्या घरचं आमी तसंच कापून देतो. फेडून घेत न्हाई. रीतच हाय ती."

मला वाटलं तो दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल बोलतोय. मागे वळून पाहिलं, मागे आमचाच बंगला. हेमलता चार पावलांवर पेंढ्या बांधत होती. तिने ऐकलं. गाठ मारली आणि पुढची पेंढी घेतली. म्हणजे हे त्यांचं तिच्याशी आधीच बोलून झालेलं होतं.

मी म्हटलं, अरे गेणबा, गडी आहे ना घरात. मी आहे.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. राग वगैरे काही नव्हता. पावसात उभ्या असलेल्या माणसाला आत बोलवावं तशा आवाजात म्हणाला,

"व्हय, हायसा की. बसा."

बसलो.